एका घोटाचा कप

१

डबा जागच्या जागी होता. झाकणही नीट लावलेलं होतं. आत कप मात्र नव्हता.

बाईंनी पलंगाशेजारचा खण सगळा बाहेर ओढला. औषधांच्या पट्ट्या, थर्मामीटर, कापसाची गुंडाळी, बाबांचा जुना चष्मा, सगळं होतं तसं होतं. त्या गुडघ्यांवर बसल्या, पलंगाखाली पाहिलं, गादीखाली हात घालून पाहिला. मग त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. खांद्याला शाळेची पर्स अजून लटकत होती.

पलंगावर त्यांचे सासरे, म्हणजे बाबा, छताकडे बघत पडले होते. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. पण सगळ्यात मोठं संकट पाण्याचं होतं. प्रत्येक घोटाला ठसका. पाणी छातीत उतरलं तर हा माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून, कितीतरी कप वाया घालवून, त्यांनी एक कप बनवला होता. तो आडवा केला की फक्त एकच घोट बाहेर येई. दुसरा हवा तर कप सरळ करायचा, मग पुन्हा आडवा. बाहेरून तो साधा दिसायचा. सगळी करामत आतल्या चोरकप्प्यात आणि त्यातल्या छोट्या गोळीत होती. त्या कपानं पहिल्यांदा पाणी प्यायले तेव्हा बाबांनी डाव्या हातानं बाईंच्या डोक्यावर थोपटलं होतं.

तो चालणारा एकुलता एक कप होता. आदल्याच दिवशी बाबांची देखभाल करणाऱ्या मावशींच्या हातून निसटून तो पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटला होता आणि कडेचा टवका उडाला होता. ओठाला बोचू नये म्हणून बाईंनी ती जागा कानशीनं घासून गोल केली होती. शुक्रवारी परदेशी कंपनीचा खरेदीदार कप बघायला येणार होता, तेव्हा निदान नीट तरी दिसू दे.

त्यांनी सल्लागाराला फोन लावला. हा माणूस नवसंशोधकांच्या कल्पना बाजारात नेऊन देणाऱ्या एका कार्यालयात होता. जाहिरात पाहून बाई तिथं गेल्या होत्या, आणि 'बाजाराच्या अभ्यासासाठी' म्हणून पहिला हप्ताही भरून आल्या होत्या. दुपारी शाळेत त्याचा फोन येऊन गेला होता. कामासाठी बाहेरगावी आलोय, म्हणाला होता.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुलूप फोडलंय?" त्यानं विचारलं.

"नाही. काहीच विस्कटलेलं नाही."

"मग बाई, वाईट वाटून घेऊ नका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "पण हे घरातल्याच कुणाचं तरी काम आहे."

२

नवरा जहाजावर. त्याचा फोन लागेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. बाईंनी थोरल्या नणंदेला बोलावलं.

आक्कांनी सगळी नोकरी विमा कंपनीत काढली होती. कुठं गोदामाला आग लागली की ती खरंच लागली की लावली, हे बघायला कंपनी त्यांनाच पाठवायची. त्या कधी आवाज चढवत नसत. समोरच्याला बोलू देत, मध्येच एखादा अगदी साधा प्रश्न टाकत, आणि समोरच्याला घाम फुटायचा.

"काल घरात कोण कोण येऊन गेलं, तेवढं सांग," त्या म्हणाल्या. "कुणावर संशय आहे, ते नको सांगूस."

मावशी दिवसभर बाबांजवळ असायच्या. त्यांना आक्कांनी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"दुपारी औषधाच्या दुकानात गेले होते," त्या म्हणाल्या. "दार नुसतं ओढून घेतलं होतं. रोजच घेते. बाबा झोपलेले होते."

"परत आलात तेव्हा?"

"जागे होते. आणि..." मावशी अडखळल्या. "खुशीत दिसले. मला वाटलं, स्वप्न पडलं असेल."

"मग?"

"संध्याकाळी बाईंनी खण उघडला, रडायला लागल्या, तेव्हापासून त्यांनी तोंड मिटलंय. चमच्यानं पाणी द्यायला गेलं तरी मान फिरवतात." मावशींनी पदर नीट केला. "माझी पिशवी बघायची असेल तर बघा. बाईंनी काल विचारलं नाही, पण बघितली. मी पाहिलं."

बाईंना मान वर करता येईना.

साचेवाला आला तो हात पुसतच. कपाचे सुटे भाग त्यानं बनवले होते, पण बाईंनी दिले तसे, एकेक करून. "ते जोडायचे कसे, हे मला आजही माहीत नाही," तो म्हणाला. "गुप्ततेच्या कागदावर सही केलीय मी. आणि काल मी फक्त बेल वाजवली. दार कुणी उघडलं नाही, म्हणून गेलो परत."

"जिन्यात कुणी भेटलं?"

"एकजण उतरत होता. हातात हेल्मेट होतं, तोंड नाही दिसलं. मला वाटलं, कुरिअरवाला."

शेवटी धाकटे दीर आले. ते येण्याआधीच चिडलेले होते.

"वहिनी, मी सरळ सांगितलं होतं की माझ्या मित्राचा प्लास्टिकचा कारखाना आहे, त्याला देऊन टाका. तुम्ही माझं ऐकलं नाहीत. म्हणून मी चोरी करीन?"

"काल आला होतास?" आक्कांनी विचारलं.

"सकाळी. बाबांना बघायला. माझाही बाप आहे तो."

"तुझ्यावर कुणी बोट ठेवलंय का?"

"तुमच्या त्या सल्लागारानं ठेवलंय. मला फोन करून म्हणतो, आणून द्या, आम्ही वाच्यता करणार नाही." दिरांचा आवाज फुटला. "आक्का, मी बाबांनाच विचारलं. त्यांच्यासमोर माझ्यावर आळ नको. त्यांच्या हातात हात दिला. एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही, असं आमचं ठरलेलं आहे. विचारलं, मी नेला? नाही. मावशींनी? नाही. साचेवाल्यानं? नाही. कुणी अनोळखी माणसानं? तरी नाही. मग कप काय उडून गेला?"

"त्यांचं आताशा गोंधळतं," बाई हळूच म्हणाल्या.

आक्का दारातून वडिलांकडे बघत राहिल्या. बाबांचे डोळे भिंतीकडे होते, आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

३

त्याच दुपारी सल्लागार स्वतःच घरी आला. सोबत कातडी बॅग, चेहऱ्यावर काळजी. बाहेरची खोली सोडून तो सरळ बाबांच्या खोलीत आला, कारण बाई तिथं होत्या.

"वाईट बातमी आहे," तो म्हणाला आणि त्यानं एक कागद उलगडला. त्यावर कपाचं चित्र होतं, उभं कापून आतलं दाखवलेलं. चोरकप्पा, गोळी, घोटाची वाट. बाईंनी कागद हातात घेतला.

"हे कुठून आलं?"

"पेटंट कार्यालयात माझा माणूस आहे. एका प्रतिस्पर्ध्यानं सहा महिन्यांपूर्वीच अर्ज टाकून ठेवलाय. आता तो पुढची पायरी गाठायच्या आत आपण गाठली पाहिजे. तातडीचं संरक्षण घ्यायचं. करारावर उद्या सही करा, पुढचा हप्ता भरा, बाकीचं माझ्यावर सोडा. मी अजूनही तुमचा कप सोडणार नाही, बाई. हजारात एखादीच अशी कल्पना येते."

"आणि उद्याचा खरेदीदार?"

"कप नाही तर त्याला काय दाखवणार? त्याला मी थोपवलंय."

पलंग कुरकुरला. बाबांचा डावा हात चादरीवर आपटत होता. घशातून घरघर येत होती, चेहरा लालबुंद झाला होता.

"ह्यांना समजतं का आपलं बोलणं?" सल्लागारानं विचारलं.

"समजतं. बोलता येत नाही."

तो वाकला. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच दाबून धरला. हात आपटायचा थांबला. "आजोबा, शांत व्हा. सूनबाईंना त्रास होतोय." मग बाईंकडे वळून म्हणाला, "एखाद्या संस्थेचा विचार करा. अशा माणसाला घरी ठेवून तुमच्यासारखीचं आयुष्य वाया जातं."

तो गेला. चित्राची प्रत मात्र बाईंकडे राहिली. धास्ती टिकावी म्हणूनच त्यानं ती ठेवली असावी.

संध्याकाळी आक्कांनी ती दिव्याखाली धरली. त्यांना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं. त्या कागद नुसता बघत बसल्या.

"अगं," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "इथं कडेला ही चंद्रकोर कसली काढलीय?"

बाईंनी वाकून पाहिलं, आणि कागद आक्कांच्या हातून ओढून घेतला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का कुणालाही न सांगता बाहेर पडल्या. डोक्याला रुमाल, हातात एक जुनी छत्री. त्या छत्रीला त्यांनी कात्रीनं ठिकठिकाणी भोकं पाडली होती.

दुपारी त्या परत आल्या तेव्हा बाईंनी विचारलं, "कुठं होतात?"

"तुझ्या त्या कार्यालयात. मी पण संशोधक झाले." आक्कांनी छत्री टेबलावर ठेवली. "पावसात चालता चालता खांद्यावर घेतलेल्या कुंडीतल्या रोपालाही पाणी मिळावं, म्हणून ही भोकांची छत्री."

"आणि ते हसले नाहीत?"

"हसतील कशाला? दुसऱ्या टेबलावरचा एक तरुण होता. त्यानं छत्री उघडून पाहिली, मिटली, आणि म्हणाला, हजारात एखादीच अशी कल्पना येते. बाजाराचा अभ्यास करावा लागेल, म्हणाला. पहिला हप्ता आजच भरला तर सवलत."

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. हेच शब्द त्यांनी रात्ररात्र मनात घोळवले होते. शाळेत मुख्याध्यापकांनी कप हातातही घेतला नव्हता, नवऱ्यानं फोनवर 'बरं, बरं' केलं होतं, आणि हा एकच माणूस होता ज्यानं त्यांच्या कपाला हजारात एक म्हटलं होतं.

आक्कांनी त्यांना रडू दिलं.

"तुझा कप चांगला आहे," मग त्या म्हणाल्या. "पण ते ह्यानं सांगितलं म्हणून नाही. ज्याच्या तोंडातून कधी 'नाही' निघत नाही, त्याच्या 'हो'ला अर्थ काय? आता ऊठ. तो सही घ्यायला येईल. त्याच्यासमोर मला बाबांना एक प्रश्न विचारायचाय. आपण सगळ्यांनी त्यांना चुकीचं विचारलं."

५

सल्लागार आला तेव्हा बाबांच्या खोलीत बरीच माणसं होती. मावशी उशाशी, दीर खिडकीत, साचेवाला भिंतीला टेकून. आक्का पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. त्यानं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं, एकदा सगळ्यांवर नजर फिरवली आणि हसला.

"सगळं कुटुंब जमलंय. छान. इथं सही करायची, बाई."

"करेल की," आक्का म्हणाल्या. "आधी माझं समाधान करा. आजवर किती जणांच्या कल्पना तुम्ही घेतल्या?"

"शेकडो."

"त्यांतल्या किती जणांना, तुम्हाला दिले त्याहून जास्त पैसे मिळाले?"

"असं सांगता येत नाही. गोपनीय असतं."

"नावं नका सांगू. आकडा सांगा."

"ताई, प्रत्येकाचं नशीब वेगळं असतं."

"बरं. हे चित्र सहा महिन्यांपूर्वीचं ना?"

"हो."

"ही कडेची चंद्रकोर कशासाठी?"

सल्लागारानं कागदाकडे पाहिलं. मग त्यानं मान डोलावली. "हवेसाठी. हवा आत गेली की पाणी सुरळीत येतं. प्रतिस्पर्धी हुशार आहे."

"ती हवेसाठी नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ होता. "तिथला टवका मंगळवारी उडाला. मी कानशीनं घासून ती जागा गोल केली. कप गेला तो बुधवारी. हे चित्र माझ्या कपावरूनच काढलंय, आणि तेही बुधवारनंतर."

आक्कांनी चित्र त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"मग झालं तर," सल्लागार म्हणाला. घाम आला होता, पण बोलणं अडलं नव्हतं. "म्हणजे घरातल्या कुणीतरी कप त्या प्रतिस्पर्ध्याला विकला, आणि त्यानं तारीख खोटी टाकली. मी पहिल्यापासून हेच सांगतोय." त्याची नजर मावशींकडे गेली.

"मलाही आधी तसंच वाटलं," आक्का म्हणाल्या. "म्हणून मी एका पेटंटच्या वकीलबाईंना विचारलं. अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत तो कुणालाही दाखवत नाहीत, आणि प्रसिद्ध व्हायला वर्ष उलटून जातं. तुमचा तिथं माणूस असो की नसो, हे चित्र तिथून येणं शक्य नाही. मग प्रतिस्पर्धी कोण? ज्याच्या बॅगेतून चित्र निघालं तोच."

"मी बाहेरगावी होतो."

"हे तुम्ही फोनवर म्हणालात. त्या फोनमधून तुम्हाला एवढंच कळून घ्यायचं होतं की बाई शाळेत आहेत."

"आणि घरात शिरून मी सगळं उचकलं? काहीही विस्कटलेलं नव्हतं, असं बाईच म्हणाल्या."

"तेच मला खटकत होतं," आक्का म्हणाल्या. "चोराला जागा कशी माहीत? बाबांना आम्ही विचारत होतो, कप कुणी चोरला, कुणी नेला, अनोळखी होता का. ते नाही म्हणत होते. आम्हाला वाटलं, त्यांचं डोकं चालत नाही. त्यांचं डोकं चालत होतं. प्रश्न आमचे चुकत होते." त्या वळल्या. "बाबा, कप चोरीला गेला का?"

बाबांनी आक्कांचा हात दोनदा दाबला. सगळ्यांना दिसेल असा.

"तुम्ही स्वतः काढून दिला का?"

एकदा.

बाईंच्या तोंडून हुंदका फुटला.

"ह्यांना दिला?"

बाबांनी हात दाबला नाही. त्यांनी तो सोडवून घेतला, वर उचलला, आणि सल्लागाराच्या दिशेनं बोट धरलं.

६

"सुनेनं शाळेत मागवलाय, तिथं दाखवायचा आहे, असं सांगितलं असणार," बाबांचा हात पुन्हा हातात घेत आक्का म्हणाल्या. "बरोबर ना, बाबा?"

एकदा.

"आजारी पडल्यापासून सगळं दुसऱ्यांनी करायचं. त्या दिवशी सुनेच्या कामाला येण्याची संधी मिळाली. त्यांनी स्वतः खण उघडला, कप काढून दिला, आणि डबा पुन्हा नीट बंद केला. म्हणून ते खुशीत होते. संध्याकाळी तिला रडताना पाहिलं, आणि काय झालं ते त्यांना कळलं. सांगायला तोंड नाही. म्हणून पाणी सोडलं."

"एका लुळ्या म्हाताऱ्याच्या बोटावर कोण विश्वास ठेवणार?" सल्लागार म्हणाला. त्याच्या आवाजातली साय उतरली होती. "आणि ठेवला तरी काय? आता तो अर्ज माझ्या नावानं गेलेला असला तर? बसा रडत."

बाईंनी आक्कांकडे पाहिलं. पण आक्का जागच्या हलल्या नाहीत.

"गेला असेल तर फारच उत्तम. त्या चंद्रकोरीसकट गेला असेल. मावशींच्या हातून पडलेल्या कपाचा टवका तुमच्या अर्जात कसा आला, हे तुम्हीच तिथं समजावून सांगा."

तो दाराकडे वळला. दीर खिडकीतून केव्हाच दारात येऊन उभे राहिले होते. "हेल्मेट विसरू नका," साचेवाला म्हणाला. "जिन्यात तेच होतं." आक्कांनी आधीच बोलावलेल्या पोलिसांची गाडी खाली थांबल्याचा आवाज आला, तेव्हा सल्लागार खुर्चीत बसला आणि बॅग मांडीवर घट्ट धरून राहिला.

कप त्याच्या कार्यालयातल्या कपाटात सापडला, उभा चिरलेला. परदेशी खरेदीदार नव्हताच. कप गेला म्हणून तो आला नाही असं बाईंना वाटावं, आणि घाबरून त्यांनी सही करावी, एवढ्यासाठी कप पळवला होता. करारात संरक्षण फक्त बाहेरच्या आकाराला होतं. आतली करामत कंपनीच्या मालकीची होणार होती.

त्या रात्री बाई सासऱ्यांच्या पायाशी बसल्या. "बाबा, तुमची काही चूक नाही. मी सुद्धा त्याला स्वतः सगळं दाखवलं होतं. मला तर बोलता येतं." त्यांनी चमचा पुढे केला. बाबांनी बऱ्याच वेळानं तोंड उघडलं.

मावशींची माफी मागायला त्या स्वयंपाकघरात गेल्या. मावशी भांडी पुसत होत्या.

"बाबांसाठी राहते," मावशी म्हणाल्या. "तुमचा राग जायला वेळ लागेल मला." आणि पुसत राहिल्या.

७

भरलेला हप्ता काही परत आला नाही. बाईंनी वकीलबाईंकडे जाऊन स्वतःच्या नावानं तात्पुरता अर्ज केला, नवा कप जोडला, आणि त्यानंतरच तो दुसऱ्या माणसाला दाखवला. एका शुश्रूषागृहानं वापरून बघायला तयारी दाखवली. तिथल्या मोठ्या सिस्टरनं कप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "झाकण धुवायला त्रासाचं आहे. बदला." बाईंना ते वाक्य फार आवडलं.

पोलिसांकडून बाईंना त्या कार्यालयात पैसे भरलेल्या इतरांची नावं-पत्ते मिळाले. त्यांतले काही अजून भरतच होते, शेजारच्या शहरात त्याच लोकांनी उघडलेल्या दुसऱ्या कार्यालयात. बाईंनी त्यांना फोन करायला सुरुवात केली. बरेच जण गप्प ऐकून घेत. एका निवृत्त घड्याळजीनं मात्र त्यांना झापलं.

"तुमचं जमलं नाही म्हणून माझ्या वाटेत येता? माझ्याकडे खरेदीदार येतोय. शुक्रवारी."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

"सोड," आक्का म्हणाल्या. "काहींना ठेच लागूनच कळतं."

"मला तुम्ही होतात," बाई म्हणाल्या.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या पत्ता शोधत गेल्या. अरुंद जिना, वरच्या मजल्यावर एकच दार. बेल वाजवल्यावर आतून पावलं आली, दार बोटभर उघडलं आणि साखळी ताणली गेली. फटीतून एक डोळा दिसला, त्यावर घड्याळजीचं भिंग अजून चढवलेलं.

"तुम्हीच ना त्या फोनवाल्या? मला काही ऐकायचं नाही."

जिना चढताना बाईंनी बरंच काही मनात जुळवलं होतं. हप्ते, खोटे खरेदीदार, आकारापुरतं संरक्षण, पोलीस. त्यातलं एकही वाक्य त्यांना बोलावंसं वाटेना. दाराच्या फटीतून आतलं टेबल दिसत होतं. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. कापड धुतलेलं, इस्त्री केलेलं होतं.

"मी सांगायला नाही आले," बाई म्हणाल्या. "आत काय आहे ते मला दाखवू नका. फक्त एवढं सांगा, ते तुम्ही कुणासाठी बनवलंत?"

 डोळ्यावरचं भिंग खाली उतरलं.

"बायकोसाठी," म्हातारा म्हणाला. "तिला दिसत नव्हतं."

मग दार लागलं, साखळी निघाल्याचा आवाज झाला, आणि दार पुन्हा उघडलं.